नामघोळसिंधू, अर्थात विठ्ठलवाडी मुक्कामी केलेला युनिक्स-नामनिर्णय

शास्त्रग्रंथ लिहायला बसले की आधी अनुबंधचतुष्टय सांगावे लागते, म्हणजे विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ते सांगितले नाही तर वाचक ग्रंथ अर्ध्यावर टाकून उठतो. सांगितले तर आरंभीच उठतो, पण त्याचा वेळ वाचवल्याचे पुण्य ग्रंथकाराच्या पदरी पडते. म्हणून सांगतो.

विषय असा की, युनिक्स नावाची संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मली. त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी युनिक्स नेमके कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये यावर जाणत्यांचे एकमत नाही. प्रयोजन काहीच नाही. हा निर्णय लागल्याने कुणाचा पगार वाढणार नाही की सकाळची फास्ट लोकल वेळेवर येणार नाही. संबंध मात्र जवळचा आहे. वाचकाच्या खिशातला फोन अँड्रॉइड असेल तर तो लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, आयफोन असेल तर त्याचे मूळ बीएसडीकडून युनिक्सच्याच घराण्यात जाते. म्हणजे दोन्ही पक्षांची मंडळी या सोयरसुतकात येतात. आणि अधिकारी कोण? कल्याणच्या पुढे राहणारा.

या शेवटच्या कलमाबद्दल पुण्याचे विद्वान भुवया उंचावतील, म्हणून थोडे विवरण. प्रस्तुत ग्रंथकाराचा मुक्काम विठ्ठलवाडी. कुठली विठ्ठलवाडी, हा पुढचा प्रश्न ठरलेला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर मुठेकाठी एक विठ्ठलवाडी आहे, तिथे आषाढीला गर्दी लोटते. मुंबईत काळबादेवीला एक आहे, तिथे गर्दीला आषाढी लागत नाही. गुजरातेत भावनगरलाही एक आहे. आमची म्हणजे मध्य रेल्वेवर कल्याण सोडून गाडी कर्जतच्या फाट्याला लागली की येणारे पहिले स्टेशन. ते कल्याण पूर्व आणि उल्हासनगर यांच्या सांध्यावर असल्यामुळे पत्ता लिहिताना निम्मे लोक एका गावाचे नाव लिहितात, निम्मे दुसऱ्याचे. रोमन लिपीत लिहायचे तर 'टी' एक की दोन, हा उपप्रश्न. शिवाय एसटीचे आगारही विठ्ठलवाडीच. कल्याणला रिक्षावाल्याला नुसते 'विठ्ठलवाडी' म्हणून बघा. तो मीटरकडे न पाहता आधी विचारतो, "स्टेशन की डेपो?" पदार्थनिश्चयाची इतकी सवय असलेला वर्ग दुसरीकडे सापडणे कठीण.

परंपरेचाही आधार आहे. 'धर्मसिंधू' लिहिणारे काशीनाथशास्त्री उपाध्ये पंढरपूरचे. तिथीचा घोळ, सुतकाचा घोळ, दत्तकाचा घोळ, असे होते नव्हते ते सगळे घोळ त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस निकालात काढले. संगणकाचा तेवढा राहिला. तो पंढरपूरहून विठ्ठलवाडीकडे वर्ग झाला असे समजावे.

नामघोळ दोन जातींचा असतो. विठ्ठल, विठोबा, पांडुरंग, विठाई ही पहिली जात: वस्तू एक, नावे अनेक. याला कुणी घोळ म्हणत नाही, नामस्मरण म्हणतात. विठ्ठलवाडी ही दुसरी जात: नाव एक, वस्तू अनेक. इथे पुण्य नाही, कुरियर चुकते. युनिक्सच्या घरात या दोन्ही जाती एकाच वेळी सुखाने नांदतात, म्हणून तो विषय ग्रंथाला योग्य. आणि आमचा सिद्धान्त आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला उतरता येईल: हा घोळ अज्ञानातून झालेला नाही. वस्तू एकाच्या हातात आणि नावाची सनद दुसऱ्याच्या पेटीत, अशी वाटणी जिथे होते तिथे तो होतोच.

आता उत्पत्ती. १९६०च्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मल्टिक्स नावाची अवाढव्य प्रणाली उभारायला घेतली. बऱ्याच जणांनी एकाच यंत्रावर एकाच वेळी काम करावे, असा तो बेत. काम लांबत गेले आणि १९६९ साली बेल लॅब्जने अंग काढून घेतले. मग केन थॉम्पसन यांनी फारसे कुणी वापरत नसलेल्या एका जुन्या पीडीपी-७ यंत्रावर आपल्यापुरती छोटी प्रणाली रचली. डेनिस रिची आणि इतर सहकारी तीत सामील झाले. बाळ जन्मले १९६९ला, बारसे झाले १९७०ला. नाव ही एक कोटी होती, आणि तिचे श्रेय बहुतेक जण ब्रायन कर्निगन यांना देतात. ते बहुतांचे मल्टिक्स, तर हे एकट्यादुकट्याचे युनिक्स. त्या वेळी इंग्रजीत त्याच्या शेवटी 'सीएस' होते. त्याचे 'एक्स' कुणी केले हे खुद्द त्या खोलीतल्या लोकांना आठवत नाही. पुराणपुरुषाच्या वंशावळीत एखादी पिढी गाळलेली असावी तसा हा प्रकार. पण देवनागरीत दोन्ही 'युनिक्स'च लिहिले जात असल्यामुळे आमच्यापुरता तो इतिहास घडलेलाच नाही.

देवनागरीने आणखी एका महायुद्धातून आपली सुटका केली आहे. इंग्रजीत हे नाव सगळे थोरल्या अक्षरांत लिहायचे की पहिलेच अक्षर थोरले काढायचे, यावर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडण आहे. १९७४च्या जुलैत 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात थॉम्पसन-रिची यांचा प्रसिद्ध निबंध आला, त्यात सगळी अक्षरे थोरली. कारण विचाराल तर रिची यांनी नंतर सांगितले ते असे की, प्रयोगशाळेत टाइपसेटिंगचे नवे यंत्र आले होते, त्यावर लहान आकाराची थोरली अक्षरे छापता येत होती आणि त्या नव्या खेळण्याची सगळ्यांना झिंग चढली होती. पुढे नाव साधे करून घ्यायची त्यांनी खटपट केली, ती फसली, आणि त्यांनी नाद सोडला. जन्मदात्यालाही बदलता आले नाही असे ते नाव. आपल्याकडे थोरली-धाकटी अक्षरे नाहीत, तेव्हा हा वाद मराठीत उद्भवत नाही. मात्र मराठी माणूस वादाशिवाय राहील कसा? 'युनिक्स'चा यु ऱ्हस्व की दीर्घ, हा प्रश्न आम्ही पुढच्या पिढीसाठी राखून ठेवला आहे.

इथे पूर्वपक्ष असा की, नावे भले खोटी असतील, आकडा तरी खरे बोलतो. याचे खंडन करायला लांब जावे लागत नाही. विठ्ठलवाडीच्या शेजारचे उल्हासनगर घ्या. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि १९४९ साली छावणीचे उल्हासनगर झाले. लष्कर गेले, छावणी गेली, गावाची महापालिका झाली, पण आजही 'कॅम्प नंबर चार' असे सांगितल्याशिवाय रिक्षा हलत नाही. आकडा कशाचा आहे हे विचारणारा परगावचा समजावा.

युनिक्सचे आकडे याच जातीचे. प्रणालीला स्वतःचा क्रमांक नव्हताच. क्रमांक होता तिच्या मॅन्युअलला. पहिले मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१चे, सहावी आवृत्ती १९७५ची, सातवी १९७९ची. प्रयोगशाळेत प्रणाली रोज बदलत असे, पोथी मात्र अधूनमधून छापली जाई. आणि पोथीची जी आवृत्ती तोच देवाचा क्रमांक मानला जाई. म्हणून एकाच वस्तूला कुणी 'सिक्स्थ एडिशन' म्हणतो, कुणी 'व्हर्जन सिक्स', कुणी नुसते 'व्ही-सिक्स'. इथवर भाबडा गोंधळ होता. सनद आणि वस्तू यांची वाटणी झाल्यावर तो शास्त्रशुद्ध झाला.

कारण प्रयोगशाळेच्या बाहेर विकायची प्रणाली वेगळ्या शाखेत तयार होऊ लागली आणि प्रयोगशाळेची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीने तिला वेगळेच आकडे दिले. १९८२ साली सिस्टिम थ्री बाहेर आली. सिस्टिम वन आणि टू शोधू नका. सिस्टिम फोर घरातच वापरून संपवली. १९८३ साली एकदम सिस्टिम फाइव्ह. म्हणजे ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर १९७९ला सातवी, १९८२ला तिसरी, १९८३ला पाचवी. त्यातही हा पाच रोमन अंकात लिहितात, आणि रोमन पाच म्हणजे 'व्ही'. तेव्हा कुणी 'युनिक्स व्ही' म्हणाला तर तो १९८३ची सिस्टिम फाइव्ह सांगतो आहे, १९७४ची पाचवी आवृत्ती सांगतो आहे, की 'व्हर्जन' म्हणता म्हणता त्याला ठसका लागला आहे, हे संदर्भावरून ओळखायचे. इकडे मूळ प्रयोगशाळेत आवृत्त्या सुरूच होत्या. आठवी, नववी, १९८९ला दहावी. दहावीनंतर त्याच मंडळींनी जी नवी प्रणाली बाहेर दिली तिचे नाव प्लॅन नाइन. दहानंतर नऊ. ते नाव एका भिकार म्हणून गाजलेल्या अमेरिकन चित्रपटावरून घेतले आहे, तेव्हा प्लॅन वन ते एट कुठे गेले असे विचारणे हा रसभंग होय.

पण आकड्यांच्या प्रकरणातला मुकुटमणी बर्कलीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत युनिक्सवर संस्कार करून बीएसडी नावाने वाटत असत. १९७८ला पहिली, मग दुसरी, तिसरी, १९८०ला चौथी. १९८१ला पुढची तयार झाली, तिला साहजिकच पाचवी म्हणायचे ठरले. एटी अँड टीने हरकत घेतली की आमच्या सिस्टिम फाइव्हशी गल्लत होईल. सिस्टिम फाइव्ह तेव्हा बाजारात यायची होती! न जन्मलेल्या मुलाच्या नावावर हरकत नोंदवल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही. बर्कलीकरांनी वाद वाढवला नाही. त्यांनी मोजणेच थांबवले. पाचवीच्या जागी ४.१ आली, १९८३ला ४.२, १९८६ला ४.३, आणि १९९३ला ४.४. तेरा वर्षे ते चारावरच उभे होते.

याला तोड म्हणून दादर सांगता येईल. दादरला मध्य रेल्वेचा एक नंबर फलाट वेगळा आणि पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा, अशी व्यवस्था कैक वर्षे चालली. 'दादरला एक नंबरवर भेट' या वाक्यावर किती मैत्र्या तुटल्या असतील! अखेर डिसेंबर २०२३मध्ये पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेचे फलाट ८ पासून १४ पर्यंत मोजायला घेतले. रेल्वेने आकडे पुढे ढकलले, बर्कलीने थिजवले. नामघोळशास्त्रात या दोन प्रक्रिया वेगळ्या मानाव्यात.

तिसरी प्रक्रिया अक्षरांची, आणि ती आमच्या रोजच्या पोटापाण्याशी निगडित आहे. कल्याण, कसारा, कर्जत, खोपोली, चारही नावे इंग्रजीत 'के'ने सुरू होतात. इंडिकेटरवर 'के' कल्याणने पटकावला. मग कल्याणहून उत्तरेच्या अंगाने जाणाऱ्या फाट्यावरच्या कसाऱ्याला 'एन' मिळाला, दक्षिणेच्या अंगाने जाणाऱ्या कर्जतला 'एस', आणि खोपोलीला 'केपी'. नाव कसारा, अक्षर 'एन'! आता गंमत पाहा. 'एस'ने सुरू होणारे शहाड हे स्टेशन 'एन'च्या गाडीला लागते, 'एस'च्या गाडीला नाही. संध्याकाळच्या गर्दीत दादरला 'एस' पाहून 'शहाड' समजून चढलेला पाहुणा थेट विठ्ठलवाडीला उतरतो, आणि अशा रीतीने आमच्या गावाला पाहुण्यांची कधी वाण पडत नाही. सिस्टिम फाइव्हमधल्या 'व्ही'ला वचकणाऱ्या संगणकतज्ज्ञांनी एक दिवस हा इंडिकेटर वाचून पाहावा.

नाव बदलले तरी वस्तू जुनेच नाव सांगत राहते, हा आणखी एक प्रकार. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची प्रणाली सनओएस या नावाने प्रसिद्ध होती. १९९२च्या सुमारास तिने सिस्टिम फाइव्हच्या वळणाची नवी प्रणाली आणली आणि नाव ठेवले सोलारिस २. मग सोलारिस १ कुठली? तेव्हा जुन्या सनओएस ४.१ला सोलारिस १ हे नाव मागाहून चिकटवण्यात आले. पुढे २.५, २.६ झाल्यावर विक्रीखात्याला आकडे लहान वाटू लागले, म्हणून १९९८ साली २.६नंतर थेट सोलारिस ७ आली. ३, ४, ५, ६ या कुणी पाहिलेल्या नाहीत. मात्र काळ्या पडद्यावर 'युनेम' ही आज्ञा देऊन त्या यंत्रालाच 'बाबा रे, तुझे नाव काय' असे विचारले, तर ते सोलारिस ७ म्हणत नाही. 'सनओएस ५.७' असे म्हणते. सोलारिस हे नाव छापील खोक्यावर. आत अजून सनओएसच. बोरीबंदरच्या स्टेशनचे १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ साली त्यात 'महाराज' आले, फलक बदलले, स्टेशनचे कोड बदलले. आणि तिथे उतरणारा माणूस फोनवर अजून 'व्हीटीला आलोय' असेच सांगतो. 'युनेम' आज्ञेचा तो मानवी अवतार.

ॲपलच्या मॅकवर हीच आज्ञा देऊन पाहिली तर उत्तर येते 'डार्विन'. मॅक नाही, युनिक्स नाही, डार्विन. आयबीएमच्या एआयएक्सवर तर आवृत्तीचा मोठा आकडा आणि लहान आकडा विचारण्याची अक्षरे इतर सगळ्यांच्या उलटी आहेत. यंत्राला नाव विचारू नये, असा आमचा अनुभवान्ती सल्ला आहे.

आता मूळ सनदेकडे वळू. १९५६ साली अमेरिकन सरकारशी झालेल्या समझोत्यामुळे एटी अँड टीला टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात पाय ठेवायची मुभा नव्हती. म्हणून युनिक्स विकण्याऐवजी तिने ते परवान्यावर देऊन टाकले. विद्यापीठांना तर जवळजवळ फुकट. टेप मिळत असे, मूळ मजकूर मिळत असे, पण नाव मिळत नसे. नाव कंपनीचे. मग ज्याने त्याने आपले बारसे स्वतः केले. मायक्रोसॉफ्टने १९८० साली झेनिक्स काढले. होय, मायक्रोसॉफ्टने. डीईसीचे अल्ट्रिक्स, आयबीएमचे एआयएक्स, एचपीचे एचपी-यूएक्स, सिलिकॉन ग्राफिक्सचे आयरिक्स, ॲपलचे ए/यूएक्स. शेपटीला 'एक्स' दिसला की कुळी ओळखावी. आपल्याकडे बँकांच्या शाखांत संगणक आले तेव्हा बऱ्याच ठिकाणी झेनिक्स आणि एससीओ युनिक्स आले, आणि कॅश काउंटरवरच्या मंडळींनी त्या सगळ्याला मिळून एकच नाव दिले: 'सिस्टिम'. 'सिस्टिम डाउन आहे' या वाक्यातली सिस्टिम थ्री की फाइव्ह, हे कुणी कधी विचारले नाही. लोकांनी केलेला हा नामनिर्णय सर्वांत टिकाऊ ठरला.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली वेगळी वाट काढली. त्यांच्या प्रणालीचे नाव जीएनयू, आणि त्याचा विस्तार 'जीएनयू इज नॉट युनिक्स'. त्यातल्या जीएनयूचा विस्तार पुन्हा तोच. उपनिषदांनी 'नेति नेति' म्हणून दोनदा नाकारले आणि थांबले. इथे नकाराला अंत नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स यांनी आपल्या प्रणालीसाठी 'फ्रीअॅक्स' असे नाव मनात धरले होते. ज्यांच्या सर्व्हरवर ती ठेवायची होती त्या आरी लेम्के यांना ते पसंत पडले नाही. त्यांनी परस्पर फोल्डरला 'लिनक्स' नाव दिले. जगातल्या निम्म्याअधिक सर्व्हरांचे नाव असे ज्याच्या घरी भाड्याने राहिले त्या मालकाने ठेवलेले आहे. स्टॉलमन यांचे म्हणणे, ते नुसते लिनक्स नाही, 'जीएनयू/लिनक्स' म्हणा. त्यांची बाजू न्याय्य आहे आणि ती कुणी ऐकत नाही.

वारसाहक्काचा विचार केल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही, आणि वारसाहक्क म्हटला की मिताक्षरा आली. विज्ञानेश्वरांनी ती कल्याणात बसून लिहिली असे प्रसिद्ध आहे. कल्याण पूर्वेच्या रहिवाशांची छाती हे वाचून फुगते, पण खेदाने नमूद करावे लागते की ते कल्याण चालुक्यांचे, बिदर जिल्ह्यातले, हल्लीचे बसवकल्याण. नामघोळाने आमच्या हातातोंडाशी आलेला एक धर्मशास्त्रकार असा नेला. असो. मिताक्षरेच्या मताने पुत्राला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क आहे. त्या न्यायाने बर्कलीचे बीएसडी हे औरस अपत्य. पण त्याच्यापासून तयार केलेली प्रणाली विकणाऱ्या बीएसडीआय नावाच्या छोट्या कंपनीने आपला टेलिफोन नंबर असा घेतला की त्याची अक्षरे लावली तर 'इट्स युनिक्स' असे वाचता यावे. १९९२ साली एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने दावा ठोकला. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद आमच्याकडे सांगतात. तो विनोद अमेरिकेत कोर्टात गेला असता तर काय झाले असते याची या खटल्यावरून कल्पना यावी. १९९४ साली तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी काढून टाकाव्या लागल्या त्या तीन. सत्तरएक फायलींवर दुसऱ्याचे नाव घालावे लागले. मधल्या काळात विद्यापीठानेही उलट दावा लावला होता की, तुम्ही सिस्टिम फाइव्हमध्ये आमचे लिखाण घेतलेत आणि आमचे नाव गाळलेत.

औरसाची ही गत, तर दत्तकाची ऐका. १९९३ साली युनिक्सची मिळकत एटी अँड टीकडून नॉव्हेलकडे गेली. नॉव्हेलने 'युनिक्स' हे नाव एक्स/ओपन या मंडळाच्या हवाली केले, आणि धंदा १९९५ साली सांताक्रूझ ऑपरेशन, म्हणजे एससीओ, या कंपनीला विकला. हे सांताक्रूझ कॅलिफोर्नियातले. खारनंतर येते ते नव्हे. २००१ साली सांताक्रूझवाल्यांनी तो धंदा काल्डेरा या कंपनीला विकला आणि स्वतःचे नाव बदलून टॅरंटेला ठेवले. काल्डेरा मुळात लिनक्स विकणारी. तिने २००२ साली आपले नाव बदलून 'एससीओ ग्रुप' ठेवले. म्हणजे जी एससीओ होती ती एससीओ राहिली नाही, आणि जी कधीच एससीओ नव्हती ती एससीओ झाली. मार्च २००३मध्ये या नव्या एससीओने आयबीएमवर दावा लावला की आमचे युनिक्स तुम्ही लिनक्समध्ये घातले. लिनक्स विकून मोठी झालेली कंपनी हे म्हणत होती! तेवढ्यात नॉव्हेल उठून म्हणाली, धंदा विकला हे खरे, पण स्वामित्वहक्क आम्ही विकलेच नव्हते. २०१० साली ज्यूरीने नॉव्हेलचे म्हणणे मान्य केले. आयबीएमशी चाललेले भांडण दिवाळखोरीतल्या एससीओच्या वतीने २०२१ साली तडजोडीने मिटले. अठरा वर्षे. कल्याण कोर्टाच्या आवारात ज्यांची उमेद गेली त्यांनी या आकड्याकडे पाहून धीर धरावा.

आता लक्षण. नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. वंशावरून युनिक्स ठरवावे तर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी हे थेट वंशज, पण त्यांना नाव लावता येत नाही. वागणुकीवरून ठरवावे तर लिनक्स चालण्याबोलण्यात हुबेहूब युनिक्स, पण रक्ताचा थेंब नाही. शिक्क्यावरून ठरवावे तर एक्स/ओपनच्या वारशाने ते नाव आज ओपन ग्रुपकडे आहे. तो चाचण्या घेतो, फी घेतो आणि शिक्का देतो. त्या शिक्क्याने आयबीएमच्या मेनफ्रेमवरची झेड/ओएस ही प्रणालीही युनिक्स ठरते, जिचा बेल लॅब्जमधल्या त्या जुन्या यंत्राशी काडीचा संबंध नाही. ॲपलने जाहिरातीत परवान्याशिवाय युनिक्स हा शब्द वापरला म्हणून ओपन ग्रुप कोर्टात गेला होता. अखेर ॲपलने २००७ साली लेपर्ड आवृत्तीला रीतसर शिक्का घेतला आणि प्रकरण मिटले. तेव्हापासून मॅक हे युनिक्स आहे, जरी ते विचारल्यावर डार्विन म्हणते.

येथे निर्णय असा. व्यवहारात युनिक्स म्हणजे ज्याच्याकडे शिक्का आहे ते. गप्पांत युनिक्स म्हणजे ज्याच्या काळ्या पडद्यावर 'एलएस' टाइप केले की फायलींची यादी येते ते. वंश, संस्कार, प्रेम आणि न्याय यांचा विचार निर्णयात करू नये. त्याने पाने वाढतात. लिनक्सवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. २०१६ साली चीनच्या हुआवे कंपनीने यूलरओएस या आपल्या लिनक्सला चाचण्या देऊन, फी भरून, युनिक्सचा शिक्का मिळवून दिला. आपले लिनक्स युनिक्स म्हणवून घ्यायचे असेल त्याने चहाच्या टपरीवर वाद घालू नये; ओपन ग्रुपकडे अर्ज करावा आणि फीची पावती जपून ठेवावी.